कुंडीखालचा ठोकळा

त्या इमारतीच्या फाटकाशी कोरफडीची कुंडी काँक्रीटच्या ठोकळ्यावर ठेवली आहे. ठोकळा जेमतेम वीतभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. बांधकाम चालू असताना आम्ही असे ठोकळे साच्यात भरायचो, पाण्यात मुरवायचो आणि यंत्राखाली फुटेपर्यंत दाबायचो. ठोकळा ठरलेला दाब सोसून मगच फुटला, की इमारतीचं काँक्रीटही चांगलं, असं धरायचं. हा एक न दाबता उरलेला.

घन तसा सरळमार्गी आकार. सहाही बाजू सारख्या, कसाही पालथा घाला, तसाच दिसतो. पण कुठूनही बघा, एका वेळी फार तर तीन बाजू दिसतात. बाकीच्या आपण विश्वासावर धरतो.

मी इथला इंजिनियर होतो. ठोकळ्यांसाठी सिमेंट जास्त घालून वेगळा माल कालवला जायचा. गॅलऱ्यांत तो माल कधी पडलाच नाही. मला ते ठाऊक होतं, आणि तरी चाचणीच्या अहवालावर सही मीच केली.

आज मान वर केली, तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला खालून लांब तडा गेलेला. वर सुलभाताई कठड्याला टेकून केस वाळवत होत्या.

"साहेब, कुंडी काय न्याहाळताय? वर या, चहा टाकते."

"ताई, आधी तुम्ही आत व्हा."

"का हो?" त्या हसल्या. "तुम्हीच बांधलेली गॅलरी, पडतेय की काय?"

"हो," मी म्हणालो.