बॅटरीत घातलेलं घरचं पाणी

बारा मे, १९५८. सकाळीच बॅटरीत पाणी घातलं. आमच्या घरी हे काम माझ्याकडे आहे. बॉनेट उघडायचं, सहा बुचं काढायची, काचेच्या नळीनं डिस्टिल पाणी सोडायचं. प्लेटा बुडून वर अर्धं पेर पाणी राहील, एवढंच. मग बुचं घट्ट लावायची. पाच कप्प्यांना नेहमीइतकंच पाणी लागलं, सहाव्याला मात्र फार लागलं. म्हणजे ही आता थकली. चार उन्हाळे काढले, हा पाचवा. आमच्याकडच्या उन्हात याहून जास्त कोण मागेल?

ही वय होऊन जाईल. हिच्या आधीची वय होऊन गेली नाही — तिला मारलं. कोणी मारलं, ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही. सासूबाई गेल्या, त्यांनाही नाही. आज हात धुताना वाटलं, आता पुरे. तुम्ही वाचता आहात, तर तुम्हाला सांगते.

पण आधी गफूरभाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय ही गोष्टच नाही.

आम्ही कारंज्याचे. ह्यांचा कापसाचा व्यापार. गावोगाव कापूस पाहायला जायचं म्हणून मोटार घेतली आणि ती चालवायला धनजचे गफूरभाई आले. पन्नाशीला टेकलेला माणूस, दाढी राखलेली, बोलणं खट्याळ. जुनी बॅटरी दमली तेव्हा ह्यांनी अकोल्याहून सगळ्यात भारी विलायती बॅटरी आणली. चार वर्षं हिच्याकडे बघायलाच नको, असं दुकानदार म्हणाला होता. हे कौतुकानं सांगत होते आणि गफूरभाई फडक्यानं काच पुसत होते.

"दुकानदाराची जबान चार वर्सं चालते, शेठ," ते म्हणाले. "बॅटरी आपल्याले चालवा लागते."

हे हसले. मी विचारलं, मग ती मरते कशानं?

माझ्यासारख्या बाईनं मोटारीतलं काही विचारावं, ही त्या काळी आमच्या घरात रीत नव्हती. गफूरभाईंना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी बॉनेट पुन्हा उघडलं. ऊन पाणी खातं, म्हणाले. पाणी उडून जातं, तेजाब राहतो, म्हणून वरून घालायचं ते पाणीच, तेजाब नाही. गाडी दिवसेंदिवस उभी ठेवली तर बॅटरी बसल्या बसल्या मरते. बॅटरी आवळायची पट्टी ढिली राहिली तर आपल्या रस्त्यांवर हादऱ्यांनी तिच्या प्लेटा झडतात. टर्मिनलवर निळसर भुकटी दिसली की सोड्याच्या पाण्यानं धुवायची, वर व्हॅसलीन लावायचं. मी ऐकत गेले, ते सांगत गेले. शाळा सुटल्यापासून मला कोणी इतकं मन लावून काही शिकवलं नव्हतं. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे — आणि म्हणूनच पुढचं लिहायला हात अडखळतो.

रमजानच्या महिन्यात गफूरभाई गावी जात. त्या वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला. तेवढे दिवस गाडी हे चालवणार होते. पण ह्यांना बॉनेटखाली बघण्याचा कंटाळा. मग गफूरभाईंनी डिस्टिल पाण्याची मोठी बाटली माझ्या हाती दिली.

"बाई, हेच घालजा. दुसरं कोनतंच नाई. पावसाचं म्हनान, झऱ्याचं म्हनान, तरी नाई."

"अन् संपलं तं?"

"नाई संपत. संपलं तं गाडी उभी ठेवा. शेठ पायी जातीन, पोट कमी होईन त्यायचं."

मी हसले. बाटली घेतली. आणि काय केलं?

आम्ही जैन. आमच्याकडे विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात, फडक्यावर राहिलेले जीव जपून पुन्हा विहिरीत सोडतात, आणि सासूबाईंसाठी तर ते वर उकळतही असत. हे काम लग्न झाल्यापासून माझं. गाळण्यात मी कधी कसूर केली नाही, आणि त्याचा मला अभिमान होता — होता, खोटं कशाला बोलू? त्या बाटलीकडे पाहून माझ्या मनात आलं, हे पाणी कोणी भरलं असेल? कोणत्या हातानं? गाळलं तरी असेल का? आणि आमच्या घरात रोज इतकं निर्मळ पाणी होतं, त्याहून शुद्ध ते काय असणार?

मी बाटली कोठीत लोणच्याच्या बरणीमागे ठेवली. महिनाभर बॅटरीत आमचं गाळलेलं, उकळलेलं, गार केलेलं पाणी घालत राहिले. उन्हाळा होता, बॅटरी पाणी पीत होती, मी घालत होते. मन लावून घालत होते, हे विशेष.

ज्या तपेल्यात मी ते पाणी उकळत असे, त्याच्या तळाशी पांढरा थर धरायचा. आमच्या विहिरीचं पाणी मचूळच. तो थर मी दर आठवड्याला चिंच लावून घासून काढायची. म्हणजे पाणी उकळल्यानं खार जात नाही, पाणी आटून तो उलट दाट होतो, हे माझ्या नखांना ठाऊक होतं. डोक्यापर्यंत का पोचलं नाही? याचं उत्तर मी शोधलं. मला चांगलं सापडलं नाही.

ईद करून गफूरभाई परत आले, शीरखुर्म्यासाठी आणलेल्या खारका आमच्यासाठीही घेऊन. बाटली कुठे आहे, म्हणाले. मी म्हटलं, संपली. त्यांचं ऐकलं नाही हे सांगायची लाज वाटली, बस. इतकी छोटी लाज. त्यांनी दुसरी बाटली आणली आणि गोष्ट तिथेच राहिली.

दिवाळीनंतर हे गफूरभाईंना घेऊन आसेगावला कापूस पाहायला गेले. परत निघताना गाडी चालू होईना. बॅटरीत जीवच नव्हता. गफूरभाई नमाजाला गेले होते. ह्यांना दम निघत नव्हता, म्हणून स्वतःच समोर हँडल लावून फिरवायला गेले. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. ह्यांनी मुठीत धरलं. इंजिननं उलटा झटका दिला आणि मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मोटार स्टँडवरचा मिस्त्री आमच्या अंगणात बॅटरी उघडून बसला. खूप वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "शेठ, याच्यात साधं पानी पडलं. भरून ठेवली तरी आपोआप उतरते. कामातून गेली." ह्यांचा हात गळ्यात बांधलेला, चेहरा तापलेला. गफूरभाईंना विचारलं, साधं पाणी कोणी घातलं? गफूरभाई म्हणाले, मी तर बाटलीतलंच घालतो, आणि रमजानात बाईंनीही बाटलीतलंच घातलं.

हे सगळं मी कोठीच्या दारात उभी राहून ऐकत होते. बाटली अजून बरणीमागेच होती, भरलेली.

आता सांगते. इथवर फिरून आले, आता फिरायला जागा नाही.

मी आत गेले, बाटली उचलली, मागच्या दारानं जाऊन लिंबाच्या झाडाखाली ओतली. सगळी. मग ती रिकामी बाटली घेऊन पुढच्या अंगणात आले आणि ह्यांना म्हणाले, "मी याच्यातलंच घातलं. हे पाहा, तवाच संपली."

गफूरभाईंनी बाटली माझ्या हातून घेतली. जरा तिरकी केली. आत काचेवरून एक थेंब सावकाश खाली सरकला. उन्हाळ्यात संपलेल्या बाटलीत दिवाळीनंतर थेंब कुठून येतो? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग बाटली ओट्यावर ठेवली.

"बाई खोटं कायले बोलतीन, शेठ," ते म्हणाले. "माह्याच हातून काई झालं असंन."

ह्यांनी त्यांना त्याच दिवशी काढलं. सासूबाई ओसरीतून काहीबाही बोलत होत्या, तेही त्यांनी ऐकून घेतलं. जाताना गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "नव्या बॅटरीले जपजा."

पुढे त्यांना कारंज्यात कोणी गाडी दिली नाही. अशी गोष्ट लपत नसते. मोटार स्टँडजवळ त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. तिथले ड्रायव्हर त्यांना 'पानीवाला' म्हणतात. मी स्वतः ऐकलं आहे — "अरे पानीवाले, चाय में कुएँ का पानी तो नहीं डाला?" — आणि सगळे हसतात. गफूरभाईही त्यांच्याबरोबर हसतात. मग पान्यानं चाक आवळत राहतात. ज्या माणसाला स्टिअरिंगवर बसलेलं पाहून गावातली पोरं रस्त्यात थांबून सलाम करायची, तो माणूस.

नव्या बॅटरीला मी जपलं. त्यांनी शिकवलं तसंच, एक गोष्ट न सोडता. चार वर्षं मी तिला पाणी पाजलं ते त्यांच्याच शब्दांनी, आणि दर वेळी मनात त्यांचे आभार मानले. मनातल्या मनात. एका माणसानं माझी अब्रू माझ्या नवऱ्यासमोर, सासूसमोर राखली, मला एका शब्दानं उघडं पाडलं नाही, आणि त्याची किंमत त्याच्या नावानं भरली. असं माझ्यासाठी माहेरच्यांनीही केलं नसतं. ही कृतज्ञता खरी आहे. पण आभार मनात मानणं फार सोपं असतं, नाही का? त्यानं त्यांना स्टँडवर कोणी गफूरभाई म्हणत नाही.

अज्ञान मी सोडून देते. पाणी घातलं तेव्हा मला कळत नव्हतं. बाटली ओतली तेव्हा मात्र मला सगळं कळत होतं.

तेरा मे. काल लिहून झालं, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. सकाळी ह्यांचा चहा झाला आणि मी ह्यांना सांगितलं, काल तुम्हाला सांगितलं तितक्याच शब्दांत. ह्यांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मंग तो कायले नाई बोलला?" मी म्हटलं, तुमच्या बायकोची लाज राखायला. हे गाडी काढतो म्हणाले. मी नको म्हटलं आणि पायी निघाले.

मोटार स्टँडवर चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. गफूरभाई पंक्चर काढत होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून पुढे केलं. मी बसले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठच्या बॅटरीत साधं पानी मी घातलं होतं. गफूरभाईनं नाई. अन् खोटंही मीच बोलली."

कोणी हसलं नाही. गफूरभाई हातातली ट्यूब खाली ठेवत हळूच म्हणाले, "काहून एवढ्या दूर आल्या, बाई? मले तं तवाच मालूम होतं."

"तुमाले होतं," मी म्हटलं आणि ड्रायव्हरांकडे हात केला. "यायले नवतं."

आणि घरी आले.