पुसलेल्या चुन्याच्या रेघा

चुन्याच्या रेघा केव्हाच पुसल्या, तरी सुमनवहिनी आपल्या प्लॉटच्या हद्दीतूनच चालतात; शेजारच्या गवतावर पाऊल पडू देत नाहीत. नसलेल्या रेघेवर माणूस किती विसंबतो! ती रेघ मीच दाखवली होती. ‘शेतजमीन असली तरी घराची परवानगी येईलच,’ असं त्यांच्या यजमानांना, माझ्या मित्राला, प्लॉट घेताना मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. परवानगीसाठी अर्जसुद्धा झालेला नव्हता. मित्र गेला. माळावरचा वारा मात्र जरा म्हणून स्वस्थ बसू देत नाही.

“भाऊजी, मुलगा इथं बांधायला कर्ज काढतोय. उद्या सही आहे.”

“थांबवा त्याला, वहिनी. इथं घर होणार नाही. मला तेव्हाही ठाऊक होतं.”

त्यांनी मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा. लहानपणापासून तो तुमचंच ऐकत आलाय.”