रविवारचं दव

दोंडाईच्याकडची लताबाई म्हणजे कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम. दव वाळल्याशिवाय वेचणीला हात लावायचा नाही, हा तिकडचा रिवाज. पण रविवारी टीव्हीवरची जपानी कार्टून मालिका संपेपर्यंत लताबाईच्या टोळीपुरतं दव काही वाळत नसे. भेटेल त्या बाईला ती ही मालिका बघायला बजावायचीच.

शेतमालक गिरधर नाना एकदा भडकले, "कार्टूनकरता कापूस थांबी का?"

लताबाई हटली नाही. "एक भाग देखा नाना, मंग बोला."

पुढच्या रविवारी तिच्या गल्लीतली वीज गेली, म्हणून ती टोळी घेऊन वेळेआधीच नानांच्या दारात गेली. ऊन चांगलं चटकत होतं. टीव्हीवरची नजर न काढता नाना म्हणाले, "बसा बठ्ठ्या जणी. आजून दव शे."