भावोजींचा निळा कप

आमचे भावोजी फुंकून वाजवायची वाद्यं दुरुस्त करतात. ट्रम्पेटचा पोचा काढायचा, क्लॅरिनेटच्या चाव्या सैल करायच्या आणि मग स्वतः फुंकून बघायचं. मी ताईची धाकटी बहीण, मधल्या पातळ भिंतीपलीकडे राहते. त्यांच्या घरातला प्रत्येक सूर मला फुकटात ऐकू येतो. भांडणंसुद्धा.

दीड वर्षापूर्वी भावोजींना एचआयव्ही निघाला. ताईची तपासणी निगेटिव्ह आली. भावोजींनी औषध सुरू केलं, एकही गोळी चुकवली नाही आणि बाकी सगळं मात्र बंद केलं. स्वतःची झोपायची गादी घरापुढच्या दुकानात हलवली. चहाला निळा कप वेगळा काढला, त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाचं वाद्य तोंडाला लावणं सोडलं. "तुम्हीच फुंकून बघा," म्हणायचे. ताईच्या तर गालाजवळही जायचे नाहीत. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एकदा काही शिरलं की संपलं.

परवा ताई माझ्याकडे येऊन रडली. "मला आजाराची भीती नाही गं. पण असंच राहायचं असेल, तर मी वेगळी राहते."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी दोघांना पुढे घालून दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

"मेहुणी," भावोजी म्हणाले. "बसू द्या. नाहीतरी तिला सगळं ऐकू जातंच."

बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. निरोध नसेल तर गुदमैथुनात धोका सगळ्यात जास्त, योनीमैथुनात त्याहून कमी, मुखमैथुनात अगदीच कमी. थुंकीतून हा विषाणू पसरत नाही, म्हणून चुंबनाची भीती नको. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेवढं थांबायचं. कपाचा तर काही संबंधच नाही. भावोजी मान खाली घालून ऐकत होते. माझेही कान तापले होते, खोटं कशाला बोलू?

"आणि तुमच्या रक्तात विषाणू सापडेनासा होऊन सहा महिन्यांच्या वर झाले," बाई रिपोर्ट बघत म्हणाल्या. "गोळ्या अशाच घ्या, तपासण्या करत राहा. मग शरीरसंबंधातून यांना तुमच्यामुळे लागण होणार नाही. हे तुम्ही डॉक्टरांना कधी विचारलं नाही?"

"गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच विचारलं," भावोजी पुटपुटले.

ताई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला इतका आनंद झाला, की टेबलावरचं बाईंचं पाणी मीच पिऊन टाकलं.

घरी आल्यावर भिंतीपलीकडे बराच वेळ सामसूम होती. जन्मात पहिल्यांदा मी भिंतीपासून लांब जाऊन बसले. मग ट्रम्पेट वाजला, चांगला दणदणीत, मधेच सूर चुकला आणि दोघं हसली.

थोड्या वेळाने ताई दारात आली. केस विस्कटलेले, हातात निळा कप.

"हा तू ठेव," ती म्हणाली. "आम्हाला आता एकच पुरतो."

मी त्यातच चहा गाळून घेतला.