सांगलीचा नवा बाजार आणि माझा चुडा

लग्न माझं, पण हट्ट आईचा. चुडा भरायचा तो सांगलीच्या रशीदचाचांकडेच. तिच्या लग्नातला चुडा त्यांच्या वडिलांनी भरला होता. साताऱ्यात काय बांगड्या मिळत नव्हत्या? पण आईपुढे कुणाचं चाललंय!

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. सकाळच्या एसटीनं निघालो. कराड स्टँडवर गरम भजी खाल्ली, पेठ नाक्याला गाडी वळली आणि इस्लामपूर, आष्टा करत दोन्हीकडच्या उसातून सांगली आली. आता रस्ता गुळगुळीत झालाय, तुम्ही निम्म्या वेळात पोचाल. भडंग मात्र चुकवू नका.

जुन्या पेठेत पाहतो तर चाचांच्या दुकानाला कुलूप. शेजारी म्हणाला, "गावाबाहेर नवा बाजार झालाय न्हवं, तिकडं गेल्यात." टांग्यानं गेलो. मधे भलामोठा उघडा चौक, चारी बाजूंनी नवेकोरे गाळे, चुन्याचा वास अजून गेला नव्हता. शेंगदाणे विकणारी एक बाई सोडली तर माणूस नाही.

चाचा आम्हाला बघून हरखले. पण चहा येईपर्यंत त्यांनी मन मोकळं केलंच.

"वैनी, बाया येत्यात, बघत्यात अन् माघारी जात्यात. दिवाळीपतूर बघतो. न्हाईतर गाळा सोडून जतला भावाकडं जातो, मेंढरं राखायला."

"आवं, पण का जात्यात?" आईनं विचारलं आणि स्वतःच गाळ्याकडे पाहिलं. दारातच छातीएवढा सिमेंटचा कट्टा. गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं, चाचांनी आतून माल द्यायचा. सगळ्या गाळ्यांना तसाच, हौसेनं बांधलेला.

"उभ्यानं चुडा भरत्यात व्हय कुठं?" आई म्हणाली. "बाईनं निवांत मांडी घालून बसावं, हात सैल सोडावा. उभ्यानं हात ताठतो, काकणं तडकून वाढत्यात."

तिनं पिशवीतली सतरंजी काढली आणि भर चौकात अंथरली. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. चाचा पेटी घेऊन आले खरे, पण भीतभीत. तेवढ्यात राखणदार धावत आला. "बाई, हितं बसायचं न्हाई."

"मग बाजार कुणासाठी बांधलाय रं? बाया बसल्याबिगर बाजार भरतो का कुठं?"

तो डोकं खाजवत बाजूला झाला. चाचांनी माझा हात दाबून दाबून मऊ केला, हिरवा चुडा चढवला आणि आशीर्वादाची एक बांगडी वर घातली. मी वाकून नमस्कार केला. मान वर केली तर शेंगदाणेवाली सतरंजीच्या कडेला टेकलेली. मागोमाग रस्त्यानं जाणाऱ्या दोघी आल्या. मग राखणदारच घरी जाऊन बायकोला घेऊन आला. गड्याची लय मजा वाटली मला.

संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. सतरंजी आईनं तिथंच ठेवली.

साताऱ्याला आल्यावर तिनं आळीभर सांगितलं. पुढं आमच्या आळीतल्या कितीतरी नवऱ्या त्या चौकात बसल्या. चाचा जतला गेले नाहीत. बाजारवाल्यांनी नंतर मधोमध बसायला पसरट ओटा बांधला आणि आज तिथं पाय ठेवायला जागा नसते. त्या चुड्यातली काकणं वापरून कधीच वाढली, पण त्या उन्हातल्या दुपारचे उपकार मी विसरलेली नाही.

माझ्या लेकीचा चुडा त्याच ओट्यावर भरला. थरथरत्या हातांनी, पण चाचांनीच. लेक वाकली, तसे ते आईकडे बोट दाखवून म्हणाले, "पोरी, आधी आजीच्या पाया पड. माझं दुकान तिनं मांडलंय."