सीलबंद कार्डं

आमच्या खोक्यांच्या कारखान्यात एक वायरमन होता. दिवे, पंखे, कॉम्प्युटर सगळं तोच बघायचा. त्याची थोरली बहीण पुठ्ठा कापायच्या मशीनवर होती. तिला सगळे ताई म्हणत, मालकसुद्धा. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले आणि बसून करायचं काम कारखान्यात तेवढं एकच. मी फिटर. त्या मशीनची पाती मी बदलायचो.

मशीनला मापं जुन्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कच्या वायरीतून जायची. दुसरी वाट नव्हती. सॉफ्टवेअर त्या जुन्या विंडोजवरच चालायचं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. एका सोमवारी आतलं नेटवर्क कार्ड जळालं.

वायरमन निवांत होता. बारा वर्षांपूर्वीच त्याने त्याच नंबरची तीन कार्डं आणून कपाटात ठेवली होती. सीलबंद. फोडली की हवा लागते, म्हणायचा.

पहिलं लावलं. पडद्यावर पिवळं प्रश्नचिन्ह, म्हणजे कॉम्प्युटरने कार्ड ओळखलंच नाही. खाच बदलली, सीडीवरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकला. प्रश्नचिन्ह. दुसरं, तिसरं, तेच. मग त्याने जळकं आणि नवं शेजारी धरलं. नंबर एकच, वरची चिप वेगळी. कंपनीने मध्येच बदललेली. त्या चिपचा ड्रायव्हर जुन्या विंडोजसाठी कुणी काढलाच नव्हता.

"आणलीस तेव्हा एक लावून बघायचं होतंस," मी म्हणालो.

"अर्ध्या तासाचं काम होतं," तो म्हणाला.

मालकाने शनिवारपर्यंत मुदत दिली. मग मशीन भंगारात आणि ताई पॅकिंगला.

वायरमनने जुन्या सामानाची सगळी दुकानं पालथी घातली. सतरा कार्डं आणली, एकेक लावलं. ताई शेजारी बसून बघायची. "माझं लग्न जमवताना एवढी वणवण केली असतीस, तर आज मशीनवर बसले नसते."

"तेव्हा तुलाच कुणी पसंत पडत नव्हतं."

"आता या डबड्याला पडत नाहीये."

गुरुवारी एक पसंत पडलं. हिरवा दिवा लागला. ताईने तीन पुठ्ठे कापले. चौथ्याला ते कार्डही गेलं. जुनंच होतं.

मेहनतीत त्याने कसूर केली नाही, हे मी कुठेही सांगेन. पण चार दिवसांची मेहनत त्या अर्ध्या तासाच्या जागी बसत नाही.

शनिवारी दहा वाजता भंगारवाले आले. तो टेबलाखाली स्क्रू काढत होता.

"अजून एक राहिलंय, ताई."

"कालच लावलंस ते. ऊठ. माणसं खोळंबलीत."

तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला, पडदा काळा होईपर्यंत थांबली आणि मग त्यांना हात लावू दिला.

वायरमन तिचं स्टूल उचलून पॅकिंगच्या टेबलापाशी घेऊन गेला. मुकादमाने ते पायाने बाजूला सारलं. "इथे बसून हात पोचत नाही रे. उभंच राहावं लागतं."

तो स्टूल हातात धरून उभा राहिला. ताईने पहिलं खोकं पुढे ओढलं.