हात कधी लावायचा नाही

बेकरीत तिला सगळे ‘काटा’ म्हणायचे. मळलेल्या मैद्याच्या ढिगातून ती हाताने गोळा तोडायची आणि तराजूवर टाकला की वजन बरोबर हवं तेवढंच भरायचं. एकदा नव्या सुपरवायझरने तिच्याशी पैज लावली. ओळीने वीस गोळे तोलून बघितले आणि मग तराजूच उचलून कपाटावर ठेवला. ती हसली नाही, फक्त एकविसावा गोळा तोडला.

मी पलीकडच्या टेबलावर पाव पिशव्यांत भरायचे. अठरा वर्षं आम्ही समोरासमोर उभ्या होतो, त्यामुळे तिच्या घरातलं मला माझ्या घराइतकंच ठाऊक होतं. वडील लवकर गेलेले. आई, ती आणि तिच्याहून चौदा वर्षांनी लहान भाऊ. धाकट्याला पळायचं वेड. दुकानात पाठवलं तरी धावत जायचा आणि काय आणायचं ते विसरून धावत परत यायचा. पुढे तो लांब पल्ल्याच्या शर्यती धावायला लागला. सरावाहून आला की खाटेवर पालथा पडायचा आणि ही त्याच्या मांड्या-पोटऱ्या ‘मळायची’. शब्द तिचाच. “दिवसभर मैदा मळते, संध्याकाळी याला,” असं म्हणायची, पण त्यात तक्रार नव्हती. उलट शर्यतीत त्याचा नंबर आला की दुसऱ्या दिवशी बेकरीत तिचीच मान ताठ असायची.

तो चोवीस वर्षांचा असताना दूरच्या गावी शर्यतीला गेला. येताना वीस तास बसमध्ये अंग आखडून बसला होता. दुपारी घरी आला तो लंगडतच.

“ताई, डावी पोटरी बघ ना. नुसता दगड झालाय.”

तिने हात लावला. पोटरी टणक होती, सुजलेली होती आणि गरम होती. तिने तेल घेतलं आणि अर्धा तास मन लावून चोळलं. तो ओरडला तेव्हा म्हणाली, “ओरड, ओरड. पळताना बरा नाही ओरडत.” आई दारात बसून हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुवायला उठला, बेसिनपाशी उभा राहिला आणि “ताई, श्वास...” एवढंच म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली. तिने विचारलं, “काल मी पाय चोळला होता. त्याने सुटली?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आपोआपही सुटते.”

आई शेजारीच उभी होती. तिने मुलीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, दारं-खिडक्या लावल्यास का विचारायची. पण ‘सांगता येत नाही’ हे तीन शब्द त्या घरात तिसऱ्या माणसासारखे राहायला आले.

काटा कामावर परतली तेव्हा तिला मैद्याला हात लावता येईना. मऊ, कोमट गोळा हातात आला की बोटं आखडायची. सुपरवायझर भला माणूस. त्याने काही न विचारता तिला भट्टीकडे ट्रे सरकवायला उभं केलं. आठ-नऊ महिने असेच गेले. मग एक दिवस चहाच्या सुट्टीत तिने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. मैदानाच्या फाटकावर लावलेली जाहिरात तिने उतरवून घेतली होती. खेळाडूंचा मसाज करण्याचं प्रशिक्षण.

“अगं, वेड लागलंय का तुला?” मी म्हटलं. “जखमेवर मीठ चोळून घ्यायची हौस आहे?”

“मला एकच गोष्ट शिकायचीय. ती कुठे शिकवतात ते बघायला चल माझ्याबरोबर.”

ती कोणती गोष्ट, ते मी विचारलं नाही.

पहिली जागा एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. चारी भिंतींना आरसे, सुगंधी तेलाचा वास, आणि सोनेरी काठाच्या प्रमाणपत्रांची चळत आधीच छापून ठेवलेली. फक्त नाव घालायचं बाकी. अभ्यासक्रम दोन दिवसांचा. शिकवणाऱ्याचे दंड माझ्या मांडीएवढे. त्याने तिचे हात बघितले आणि खूश झाला. “बाई, तुम्हाला तर दोन दिवससुद्धा जास्त होतील!”

तिने विचारलं, “एकाच पायाची पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर काय करायचं?”

“जोर वाढवायचा. गाठ मोडेपर्यंत सोडायचं नाही.”

ती “बरं” म्हणाली आणि जिना उतरायला लागली. शेवटच्या पायरीवर मात्र बसली. मी पाणी आणलं. बराच वेळ ती बाटलीचं झाकण नुसतंच फिरवत राहिली.

दुसरी जागा काचेच्या इमारतीत. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, की सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घरबसल्या, सगळे धडे मोबाइलवर.

“आणि हाताने करून बघायचं ते?”

“सोपं आहे, मॅडम. घरातल्याच कुणावर तरी करायचं आणि व्हिडिओ काढून पाठवायचा.”

घरातल्याच कुणावर तरी. मी काटाचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. मला वाटलं, आता हा नाद सुटला. पण पुढच्या सुट्टीला ती पुन्हा माझ्या दारात हजर.

तिसरी जागा एका जुन्या इस्पितळाच्या मागे, दोन खोल्यांची. एका खोलीत चार उंच टेबलं, दुसऱ्या खोलीत बाक, फळा आणि कोपऱ्यात हाडांचा सांगाडा. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. अभ्यासक्रम दीड वर्षाचा. शरीराची रचना, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक. बाईंनी स्वागत वगैरे काही केलं नाही. “वय? शिक्षण? विज्ञानात किती गुण होते?” काटाने सांगितलेले गुण ऐकून त्यांनी ओठ मुडपले. “जड जाईल.”

तिने तोच प्रश्न विचारला. एक पोटरी, सूज, गरम.

बाईंनी लिहिणं थांबवलं. “हात लावायचा नाही. लगेच इस्पितळात पाठवायचं. आमच्याकडे पहिला महिना हेच चालतं, हात कधी लावायचा नाही. तुम्ही का विचारताय?”

मग तिने सगळं सांगितलं. बसपासून बेसिनपर्यंत, आवाज न चढवता. मलाही तिने एवढं सलग कधी सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, “मला हे तेव्हा माहीत असतं, तर तो वाचला असता?”

मी मनातल्या मनात बाईंना विनवत होते, की नाही म्हणा. नशिबात होतं म्हणा, काहीही म्हणा.

“वाचला असता, अशी बरीच शक्यता होती,” बाई म्हणाल्या. “चोळल्यामुळे गेला की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्याच दुपारी इस्पितळात नेला असतात तर उपचार झाले असते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलू शकते. पण मग इथे शिकलेल्या कशावर तुम्ही विश्वास ठेवाल?”

त्या खोलीत काटा रडली. दवाखान्यात, घरी, कुठेच रडली नव्हती ती. बाईंनी तिला रडू दिलं आणि मग प्रवेशाचा अर्ज पुढे सरकवला. रस्त्यावर आल्यावर मी त्या बाईंना नाही नाही ते बोलले. काटाने नाक पुसलं आणि म्हणाली, “इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं पहिलंच माणूस आहे ते.” तो टोला मलाही होता, आणि तो बरोबर बसला.

घरी तिने आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, “आता कुणाचे पाय धरणार आहेस?”

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज भरून दिला.

विशीतल्या पोरापोरींमध्ये बसून ती स्नायूंची नावं पाठ करायची. ट्रे सरकवताना पुटपुटायची. बेकरीतले म्हणायचे, काटा मंत्र म्हणतेय. लेखी परीक्षेत ती पास झाली, प्रात्यक्षिकात नापास. टेबलावरच्या माणसाची डावी पोटरी आली आणि हात पुढे जाईनात. बाईंनी तिला ओरडून घालवलं आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मधल्या काळात रोज संध्याकाळी मी माझ्या घरच्या बाकावर पाय पसरून बसायचे. आधी ती नुसता तळहात ठेवायची आणि काढून घ्यायची. एकदा तिचा हात तिथेच टिकला आणि ती सावकाश चोळायला लागली.

प्रमाणपत्र मिळालं तेव्हा तिने ते आईच्या मांडीवर ठेवलं. आईला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “यात त्याचं नाव आहे?”

“नाही आई. माझं आहे.”

“हं,” म्हणून आईने कागद परत दिला.

बेकरी सोडून ती मैदानालगतच्या उपचार खोलीत कामाला लागली, त्याला आता सात वर्षं झाली. त्यांतली शेवटची दोन आई अंथरुणाला खिळलेली होती. काटा तिला उठवायची, पुसायची, कूस बदलायची. आई सगळं करू द्यायची. फक्त हिचा हात पावलांकडे गेला, की जमेल तितके पाय चादरीखाली ओढून घ्यायची.

आई गेल्यावर मी तिला विचारलं, “कधी मोकळेपणी बोलली नाहीस का तिच्याशी?”

“दोन-तीनदा तोंड उघडलं होतं गं,” ती म्हणाली. “पण मी म्हणणार काय? ‘मी नाही मारलं’ असं? मला तरी कुठे माहितीय.”

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. मैदानावर शाळांच्या स्पर्धा सुरू होत्या, आणि खोलीबाहेरच्या बाकावर दहा-बारा मुली बूट काढून, पाय चोळत तिची वाट बघत होत्या. तिने कुलूप उघडलं, हात धुतले, आणि पहिलीला आत बोलावून विचारलं, “कुठे दुखतंय? कधीपासून?”